शब्दचर्चा : ‘मेंडेलियन रँडमायझेशन’साठी मराठी शब्द

भाषांतरकार (जुळे सोलापूर) :
आरोग्यविषयक लेखात एक वाक्य आहे : ‘जनुकीय भेदांवरून रोगाचे कारण ओळखता येते.’ हे वाचून ‘रोग जनुकामुळे होतो’ असाच अर्थ निघतो, आणि मूळ मुद्दा तो नाही. पद्धतीचं नाव ‘मेंडेलीय यादृच्छिकीकरण’ असं केलंय, पण ते वाचताना जीभ अडखळते. दोन्हींसाठी काही सुचवाल का?

आकडेमोड (विजापूर रोड) :
ताई, आधी ‘कारण’ सोडवू, नाव मागाहून.

सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं. प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि दोन्ही प्रती तशा असल्या की आजार होतो. तिथे जनुकातला बदल हेच कारण. तिथे ‘कारणीभूत’ लिहा, बिनचूक आहे.

तुमच्या लेखातल्या पद्धतीत संशयित वेगळाच असतो : कोलेस्टेरॉल, वजन, दारू, रक्तदाब. जनुकातला भेद त्या संशयिताची तपासणी करण्याचं साधन. उदाहरणार्थ सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रथिन. रक्तात सीआरपी जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो. पण बिडी-सिगारेट आणि लठ्ठपणा या दोन्हींमुळे सीआरपीही वाढतं आणि हृदयविकारही. शिवाय रोहिणीच्या भिंतीत आधीच सूज असेल तर ती सूजच सीआरपी वाढवते. कोण कुणामुळे, ते नुसत्या रक्ततपासणीवरून कळत नाही. मग काय करतात, तर ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी जन्मभर थोडं जास्तच राहतं असे लोक पाहतात. २०११ साली फार मोठ्या संख्येवर हे झालं आणि अशा लोकांत हृदयविकार जास्त आढळला नाही. सीआरपी ही खूण ठरली, कारण नव्हे.

म्हणून तीन शब्द वेगळे ठेवा : साधन (जनुकभेद), संशयित कारण (सीआरपी), परिणाम (हृदयविकार). वाक्य असं करा : ‘एखादी गोष्ट रोगाचं खरं कारण आहे की नुसती खूण, हे जनुकभेदांच्या साहाय्याने पारखता येतं.’

शब्दवेध (बाळीवेस) :
नावाबद्दल. ‘यादृच्छिक’ चुकीचा नाही. दहावीच्या संभाव्यतेत ‘यादृच्छिक प्रयोग’ सगळ्यांनी वाचलाय. पण ‘यदृच्छे’त ‘मनाला येईल तसं’ अशीही एक छटा आहे. इथे कुणाचं मनच चालत नाही. आईकडच्या दोन प्रतींतली एक आणि वडिलांकडच्या दोन प्रतींतली एक, कोणती यायची ते आपोआप ठरतं. यासाठी मराठीत चालता-बोलता शब्द आहे : सोडत. भिशीची सोडत, म्हाडाच्या घरांची सोडत, महापालिकेच्या प्रभागांच्या आरक्षणाची सोडत. चिठ्ठी निघेपर्यंत कुणाला काय मिळणार हे ठरलेलं नसतं आणि निघाल्यावर बदलत नाही. दोन्ही गोष्टी इथे तंतोतंत लागू आहेत. ‘मेंडेलीय सोडत’ म्हणावं असं माझं ठाम मत. ‘लॉटरी’ नको, त्यात बक्षिसाची आशा येते.

आकडेमोड :
‘सोडत’ पटलं. औषधाच्या चाचणीतही रुग्णांची दोन गटांत वाटणी सोडतीनेच करतात. इथे ती गर्भधारणेच्या वेळी झालेली असते. मग पुढे लागलेली बिडी किंवा जडलेला आजार तो निकाल फिरवू शकत नाही. ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ हे नाव १९९१ मध्ये अस्थिमज्जा-रोपणाच्या संदर्भात आलं. २००३ नंतर ते आजच्या अर्थाने रुळलं. कल्पना त्याआधीची : १९८६ मध्ये संशोधक कॅटन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून विचारलं होतं की कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो, की सुरू झालेला कर्करोग कोलेस्टेरॉल उतरवतो? कोलेस्टेरॉलची पातळी कमी-जास्त करणाऱ्या एपीओई जनुकाच्या प्रकारांवरून ते ठरवता येईल, असं त्यांनी सुचवलं.

पेशी (सात रस्ता) :
एक कळकळीची विनंती. ‘जनुकीय दोष’ लिहू नका, ‘विकृती’ तर नकोच. पीसीएसके९ या जनुकाची एक प्रत निकामी असणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकी लोकांत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला (२००६). याला दोष कसं म्हणायचं? ‘भेद’ बरोबर आहे. ‘उत्परिवर्तन’ही सरसकट नको, वाचकाला तो आजाराचाच शब्द वाटतो.

भाषांतरकार :
धन्यवाद. लेखात ‘परिणामाचे गुणोत्तर’ असंही आहे. तिथे नेमकं काय भागिले काय?

आकडेमोड :
भेदाचा रोगावरचा परिणाम भागिले भेदाचा संशयितावरचा परिणाम. समजा, भेदाच्या एका प्रतीमागे एलडीएल (दर डेसिलिटरला) ८ मिलिग्रॅमने कमी आणि हृदयविकाराच्या शक्यता-गुणोत्तराचा (ऑड्स रेशो) नैसर्गिक लॉगॅरिदम ०.१० ने कमी. ०.१० भागिले ८ म्हणजे मिलिग्रॅममागे ०.०१२५, ४० मिलिग्रॅमला ०.५०. लॉगॅरिदममधली ही घट उलटवली की शक्यता-गुणोत्तर ०.६१ येतं. इथे ‘आजन्म’ हा शब्द गाळू नका. हा जन्मभराच्या फरकाचा परिणाम आहे. पाच वर्षं गोळी घेऊन एवढा फायदा होईलच असं नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण शब्द तिथेच लागतात. भेद निवडताना पी-मूल्य (खरा संबंध नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) २ कोटींत १ पेक्षा कमी घेतात. एफ-मूल्य (भेदाचा संशयितावरचा परिणाम किती ठळक आहे याचं माप) १० च्या खाली असेल तर ते ‘दुबळं साधन’. दोन अभ्यासांतले (एक संशयिताचा, एक रोगाचा) आकडे जोडताना परिणाम एकाच अक्षराचा आहे ना, ते पाहावं लागतं. नाहीतर चिन्ह उलटं होतं आणि तारक ते मारक दिसतं. ए-टी आणि सी-जी जोड्या जवळजवळ निम्म्या-निम्म्या आढळत असतील तर त्या सरळ वगळतात, कारण डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता वाचला ते कळत नाही.

पेशी :
‘प्लायोट्रॉपी’ला ‘बहुपरिणामिता’ ठेवा. भेद जर संशयिताला वळसा घालून दुसऱ्याच वाटेने रोगापर्यंत पोचत असेल, तर सगळा हिशेब फसतो. ‘आडवाट’ हा शब्द वाचकाला लगेच कळेल.

शब्दवेध :
आणि ‘पॉप्युलेशन स्ट्रॅटिफिकेशन’? ‘लोकसंख्या-स्तरीकरण’ ऐकून उच्चनीच वाटतं.

आकडेमोड :
‘समूहमिश्रण’ म्हणा. आपलंच सोलापूर घ्या : मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी-शेजारी. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपापल्या समाजात, त्यामुळे भेदांचं प्रमाण वेगळं. खाणंपिणं आणि कामधंदाही वेगळा. सगळ्यांचे नमुने एका ढिगात टाकले तर भेद आणि रोग यांचा संबंध दिसेल, पण तो समाजांमधल्या फरकाचा असेल, जनुकाचा नव्हे. उपाय म्हणजे समूहवार हिशेब, किंवा त्याहून चांगलं, सख्ख्या भावंडांची तुलना. एकाच आईवडिलांची मुलं, म्हणजे सोडत एकाच घरातली.

भाषांतरकार :
मग लेखात ‘मेंडेलीय सोडत’, ‘जनुकभेद’, ‘संशयित कारण’, ‘आडवाट’ आणि ‘समूहमिश्रण’ घेते. पहिल्या वापरात ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ही देवनागरीत देते, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. अनेकवचन ‘सोडती’च ना?

शब्दवेध :
हो, ‘सोडती’. पण इथे शक्यतो एकवचनच ठेवा; पद्धतीचं नाव म्हणून ते नीट बसतं.