ॲडमिन म्हणून चालवलं तरच चालतं, काय करू?

प्रश्न: एक जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोज १० वर टाकलंय. राइट क्लिक करून ॲडमिन म्हणून उघडलं की मस्त चालतं, साध्या युजरने उघडलं की 'सेटिंग सेव्ह होत नाही' असा मेसेज देऊन बंद. आता काय सगळ्यांना ॲडमिनचा पासवर्ड वाटत बसू?

कीबोर्डवाला: पासवर्ड अजिबात देऊ नका! हे बहुतेक स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये, सेटिंगची फाइल लिहायला जातंय. एक्सपीच्या काळी सगळेच ॲडमिन असायचे म्हणून खपून गेलं, व्हिस्टापासून यूएसी (ॲडमिनचे हक्क वापरण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) आलं आणि असली सॉफ्टवेअरं उघडी पडली. प्रोसेस मॉनिटर (कुठला प्रोग्राम कुठली फाइल उघडतो ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) लावा, रिझल्टवर 'ॲक्सेस डिनाइड' असा फिल्टर टाका, मग साध्या युजरने सॉफ्टवेअर उघडा, नेमकं कुठे अडतंय ते तिथेच दिसेल. त्या एका फोल्डरवर युजर्सना मॉडिफाय (बदल करायची) परमिशन द्या, अख्ख्या सी ड्राइव्हवर नको.

रात्रपाळी: आणि फोल्डर नसेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एचकेएलएममध्ये, म्हणजे सगळ्या युजर्सच्या सामाईक भागात, लिहीत असणार, तिथेही तेवढ्याच कीवर (रजिस्ट्रीतल्या फोल्डरवर) परमिशन देता येते.

प्रश्नकर्ता: सापडलं!! .आयएनआय (सेटिंगची) फाइल होती. पण त्याच फोल्डरमध्ये .ईएक्सई (प्रोग्रामची मुख्य फाइल) पण आहे, अख्ख्या फोल्डरला परमिशन दिली तर चालेल?

कीबोर्डवाला: तिथेच तर गोम आहे, कोणीही ती .ईएक्सई बदलू शकेल. फक्त त्या .आयएनआयवर परमिशन द्या. तेवढ्याने नाही भागलं तर सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर टाकून बघा, पण .ईएक्सईवर राइट परमिशन तिथेही नको.