टिकांचा काळ, दोन व्हॉल्वचे बिगुल आणि '१९८३ साली संपलेले' ड्रम कोअर

मरिंबाची_आई (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे, काठ्यांनी वाजवायचे मोठे वाद्य) वाजवते आणि येत्या हिवाळ्यात एका ड्रम कोअरच्या, म्हणजे बिगुल-ढोल वाजवत मैदानात संचलन करणाऱ्या तरुणांच्या स्पर्धक संघाच्या, निवड चाचणीला जाणार आहे. आम्ही उभयता १९९८ साली अमेरिकेत आलो, त्यामुळे या प्रकाराशी आमची ओळख झाली ती तिच्यामुळेच. गेल्या ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये अंतिम स्पर्धा पाहत असताना शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, "हे सगळे देखणे आहे, पण खरे ड्रम कोअर १९८३ साली संपले." का, असे विचारल्यावर त्यांनी 'टिक' एवढा एकच शब्द उच्चारला आणि तेवढ्यात पुढचा संघ मैदानात उतरला.

येथे सत्तरच्या, ऐंशीच्या किंवा नव्वदच्या दशकात स्वतः मैदानात उतरलेले कोणी असतील, तर त्या वर्षी नेमके काय संपले आणि त्या वेळची शिस्त आजच्यापेक्षा खरोखरच कडक होती का, हे सांगाल का? मुलीला उगाच घाबरवायचे नाही, पण ती ज्या परंपरेत शिरते आहे तिची थोडी ओळख मला असावी, असे वाटते.

कॉन्ट्राबास_७९

मी १९७९ ते १९८३ असे पाच उन्हाळे वाजवले. एकविसाव्या वर्षानंतर संघात राहता येत नाही हा नियम तेव्हाही होता, त्यामुळे तुमच्या शेजारच्या गृहस्थांचे ड्रम कोअर ज्या वर्षी संपले, त्याच वर्षी माझेही संपले. त्यांच्या दुःखात थोडे स्वतःचे तारुण्यही मिसळलेले असावे, हा माझा अंदाज स्वानुभवावरूनच आहे.

आता टिक म्हणजे काय ते सांगतो. या संघांच्या स्पर्धा घेणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अंतिम स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि अनाहाइम किंग्जमेन ती जिंकले. तेव्हाची गुण देण्याची रीत त्याआधीच्या माजी सैनिकांच्या संघटनांच्या स्पर्धांतून आलेली होती. एकूण परिणामाचे गुण वेगळे मिळत, पण वादन आणि संचलन यांच्या अचूकतेचा हिशेब वजाबाकीचा असे. परीक्षक हातात पॅड घेऊन आमच्या रांगांमधून चालत. दोन स्नेअरवाल्यांचे (स्नेअर म्हणजे खाली तारा ताणलेला छोटा ढोल) फटके एकमेकांवर नीट बसले नाहीत, कोणाचा स्वर फुटला, कोणाचे पाऊल चुकले, की कागदावर एक खूण होई आणि प्रत्येक खुणेमागे ०.१ गुण कापला जाई. ही खूण म्हणजे टिक. परीक्षक तुमच्यापासून तीन हातांवर उभा राहून लिहू लागला, की ती खूण आपलीच आहे असे प्रत्येकाला वाटे, आणि त्या धास्तीत पुढची चूक होई.

या पद्धतीने आम्हाला विलक्षण नेटके केले, हे खरे आहे. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे साडेबावीस इंचांचे एक पाऊल, हे माप पायांत इतके भिनले की आजही रिकाम्या पार्किंगमधून जाताना पांढऱ्या पट्ट्यांमधले अंतर माझे पाय मोजतात. पण तिची दुसरी बाजू त्या गृहस्थांनी सांगितली नसावी. जे वाजवलेच नाही त्याची टिक पडत नाही, त्यामुळे हंगाम पुढे सरकू लागला की अवघड जागा सोप्या करण्याचा मोह सगळ्याच शिक्षकांना होई. माझ्या चौथ्या हंगामात आमच्या विभागाचा आठ मात्रांचा एक सुंदर तुकडा जुलैच्या अखेरीस काढून टाकला आणि तेथे आम्हाला नुसते उभे केले. गुण वाढले, पण आम्हाला त्याचा आनंद झाला नाही.

१९८३ चा हंगाम संपल्यावर ही वजाबाकी बंद झाली आणि १९८४ पासून शून्यातून वर जाणारे गुण सुरू झाले. योगायोग असा की त्याच १९८३ साली मायामीत गारफिल्ड कॅडेट्सने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. जॉर्ज झिंगाली यांनी आखलेले त्यांचे संचलन डावी-उजवी बाजू सारखी ठेवण्याचा जुना संकेत मोडून वाहत्या पाण्यासारखे आकार बदलत होते. आमचा संघ अंतिम बारांत नव्हता, म्हणून ते मी प्रेक्षकांत बसून पाहिले आणि आपण पाच वर्षे एक निराळाच खेळ खेळत होतो, हे तेथे माझ्या लक्षात आले.

वाद्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर आमचे बिगुल जी पट्टीतले आणि दोन व्हॉल्वचे (स्वर बदलण्यासाठी बोटांनी दाबायच्या कळा) होते. १९७७ पूर्वीच्या मुलांना एक व्हॉल्व आणि एक रोटर (फिरणारी झडप) यांवर भागवावे लागे. कॉन्ट्राबासवर, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांच्या मोठ्या बिगुलावर, खालचे काही स्वर निघतच नसत आणि संगीत बसवणारे ते टाळून लिहीत. तिसरा व्हॉल्व १९९० मध्ये आला आणि जी पट्टीची सक्ती २००० साली गेली.

माझ्या मते जे संपले ते टिकांबरोबर संपले नाही. माझा पहिला संघ एका छोट्या गावातला होता. सराव चर्चच्या तळघरात चाले, खर्च दर आठवड्याच्या बिंगोतून, म्हणजे हाउजीच्या खेळातून, निघे आणि गणवेश कोणाच्या ना कोणाच्या आईने उसवून पुन्हा शिवलेला असे. असे शेकडो संघ साठच्या दशकात होते आणि सत्तरच्या दशकात ते भराभर मिटत गेले. इंधन महागले, देशभर फिरण्याचा खर्च वाढला आणि चांगली वाजवणारी मुले मोठ्या संघांकडे गेली. १९८१ साली मीही गेलो. पुढच्या वर्षी गावचा संघ मैदानात उतरला नाही. आमच्याकडे कॉन्ट्राबास वाजवणारे तिघेच होतो, त्यामुळे मी गेल्यावर काय झाले असेल याचा हिशेब मला अजूनही करवत नाही.

स्नेअरताई

मी १९८७ ते १९९० या काळात स्नेअर वाजवत होते. कॉन्ट्राबास यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. टिका कागदावरून गेल्या, तरी शिक्षकांच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. आमचे तालवाद्यांचे प्रमुख टिकांच्या काळात घडलेले होते आणि सरावात ते बोटांवर चुका मोजत. त्यात भर म्हणजे त्याच सुमारास स्नेअरवर केव्हलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची कातडी आली. ती इतकी ताणलेली असत की फटका टेबलावर मारल्यासारखा कोरडा वाजे आणि केसभर मागेपुढे झालेला हात स्टेडियमच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाई. मनगटांना ती कातडी मुळीच मानवली नाहीत, हेही येथे नोंदवून ठेवते.

दिनक्रम तेव्हा असा होता: रात्रभर बस, पहाटे एखाद्या शाळेच्या जिममध्ये लाकडी जमिनीवर दोन-तीन तास झोप, मग ट्रकमधल्या स्वयंपाकघराचा नाश्ता, दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी स्पर्धा आणि पुन्हा बस. संघाची कमाल संख्या १२८ होती, त्यामुळे बसमध्ये शेजारी कोण हे जूनमध्ये ठरले की ऑगस्टपर्यंत बदलत नसे. घरी फोन आठवड्यातून एकदा, पेट्रोल पंपावरच्या सार्वजनिक फोनवरून, मागे वीस जणांची रांग असताना करायचा. माझ्या आईने नातेवाइकांना 'ती संगीताच्या शिबिराला गेली आहे' असे सांगितले होते. बाबा मात्र सरळ 'सर्कशीत गेली' म्हणत आणि वर्णन म्हणून तेच अधिक अचूक होते.

निकालाच्या वेळी अंतिम फेरीचे सगळे संघ मैदानात उभे राहत आणि बाराव्या क्रमांकापासून गुण वाचले जात. १९८८ साली कॅन्सस सिटीत दुसरा क्रमांक सँटा क्लारा व्हॅनगार्डचा जाहीर झाला, म्हणजे मॅडिसन स्काउट्स जिंकले हे सगळ्यांना कळले, आणि पहिल्या क्रमांकाचे गुण त्या गोंगाटात मला ऐकूच आले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच स्टेडियममध्ये व्हॅनगार्ड जिंकले.

तुमच्या मुलीसाठी एक गोष्ट सांगते. तिचा मरिंबा मैदानाच्या पुढच्या कडेला चाकांवर उभा असेल, पण जमिनीवर ठेवलेल्या वाद्यांना परवानगी मिळाली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी झायलोफोन गळ्यात अडकवून चालावे लागे आणि टिंपनीचा (सुरात लावायचे मोठे नगारे) एकेक नग एकेक मुलगा पोटावर घेऊन संचलन करी. आमच्या संघातील एका जुन्या शिक्षकांनी तो प्रकार केलेला होता आणि ते पिटमधल्या, म्हणजे पुढच्या कडेला जमिनीवरची वाद्ये वाजवणाऱ्या, मुलांना कधीही 'दमलो' म्हणू देत नसत.

रात्रपाळीचा_चालक

मी वाजवलेले नाही. दोन्ही मुले नव्वदच्या दशकात संघात होती आणि मी सुट्ट्या जमवून वाद्यांचा ट्रक चालवत असे, म्हणून फक्त दोन गोष्टी जोडतो.

१९९३ साली जॅक्सन, मिसिसिपी येथे कॅडेट्सना ९७.४ आणि स्टार ऑफ इंडियानाला ९७.३ गुण मिळाले. फरक नेमका एका टिकेएवढा होता आणि टिका जाऊन दहा वर्षे झाली होती. स्टारचे सादरीकरण इतके आगळे होते की काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. आज तेच लोक 'मी तेव्हाच ओळखले होते' असे म्हणताना भेटतात. त्या हंगामानंतर स्टारने स्पर्धाच सोडली.

दुसरी गोष्ट खर्चाची. ज्याचा भार पूर्वी बिंगोने उचलला, तो आता पालक उचलतात आणि एका हंगामाचे शुल्क काही हजार डॉलर असते. शिस्तीची काळजी करू नका, ती पुरेशी आहे. पण खर्चाचे मुलीशी आताच, चाचणीच्या आधी, मोकळेपणाने बोला. मोठे नाव म्हणजे कायमची शाश्वती, असेही धरून चालू नका: १९३४ साली एका चर्चच्या आश्रयाने सुरू झालेला कॅडेट्स संघ २०२४ मध्ये बंद पडला.

मरिंबाची_आई

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मुलीने सगळे वाचले. टिकांचे तिला फारसे काही वाटले नाही, पण पोटावरच्या टिंपनीवर तिचा विश्वास बसत नाही. पावलांखाली वाद्य हलत असताना सूर कसा लावत असतील, असे ती विचारते आहे.

स्नेअरताई

पायाने. तिला सांगा, वाद्याखालचे पेडल काढून त्याजागी हाताने फिरवायची मूठ बसवलेली असे; पण आमचे ते शिक्षक हा प्रश्न विचारणाऱ्याला आधी 'पायाने' असेच उत्तर देत आणि तो खाली वाकून पेडल शोधू लागला की हसत.