मदत हवी आहे: बाबांना पक्षी बघायला कुठे नेऊ? (चार दिवस)

विश्रामबागकर
जरा लवकर सांगा, रजेचा अर्ज शुक्रवारी द्यायचाय. पुढच्या महिन्यात चार दिवस बाबांना सांगलीहून पक्षी बघायला न्यायचंय. नेटवर शोधून डोकं पिकलं, सगळीकडे त्याच याद्या आणि तोच रोहितांचा (फ्लेमिंगो) गुलाबी फोटो. बजेट बेताचं, पण रडायची वेळ नाही. आधीच सांगतो, कास नको.

पठारावरचा_वारा
कास सप्टेंबरात गाठा. ऊन-पावसाचा खेळ चालू असताना फुलं बघावीत. आठवड्याच्या मधल्या वारी जा, रविवारी गर्दीने जीव जातो.

विश्रामबागकर
🙏

येरळाकाठ
पुढचा महिना म्हणजे डिसेंबर ना? चार दिवस प्रवास धरून की सोडून? गाडी आहे का? बाबांचं वय काय, चालणं कितपत जमतं?

विश्रामबागकर
डिसेंबरचा शेवटचा आठवडा, प्रवास धरून. बाबा ७१. गाडी आहे, रात्री चालवत नाही. चालतात की, रोज आमराईत फेरी असते.

धनेशवेडा
डोळे झाकून गणेशगुडी! सुपा धरणाजवळ, दांडेलीच्या बाजूला. बेळगावमार्गे एका दिवसात आरामात पोचता, नाहीतर मिरजेहून रेल्वेने लोंढा. पाणी पिऊन अंघोळीला येणारे पक्षी समोर बसून बघता येतात. मलबारी धनेश, स्वर्गीय नर्तक, सुभग. तीन वेळा गेलोय, चौथ्यांदा निघालोय.

जुनी_दुर्बीण
पक्षी बघायला डोळे झाकून कसं जायचं हो?

उजनीचा_पाहुणा
एवढं लांब कशाला? उजनी धरणाकाठचं भिगवण. कुंभारगाव नाहीतर डिकसळ, सकाळी सहाला होडीत बसायचं, दोन तासांत रोहित, पट्टकादंब, चित्रबलाक, दर्विमुख. परतताना माशाचं जेवण. विषय संपला.

येरळाकाठ
संपला नाही. धरण काठोकाठ असेल तर डिसेंबरात रोहित दिसतीलच असं नाही. त्याला गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो, चोच उलटी धरून तो त्यातलंच गाळून खातो. पाणी ओसरून काठ उघडे पडले की थवे उतरतात. मी तरी फेब्रुवारी-मार्चशिवाय जाणार नाही.

उजनीचा_पाहुणा
मी मागे नाताळात गेलो होतो, शंभरभर होते.

येरळाकाठ
त्या वर्षी पाऊस किती झाला होता?

उजनीचा_पाहुणा
ते कोण लक्षात ठेवतं राव.

लांबनळी
कॅमेरा कुठला आहे? ६०० एमएमच्या खाली लेन्स असेल तर भिगवणला जाऊन उपयोग नाही. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज म्हणजे कॉल वाजवणारा गाईड घ्या, पक्षी हाकेला समोर येतो.

जुनी_दुर्बीण
कॉल वाजवणं बंद करा आधी. त्या नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसलाय. दाणापाणी सोडून तो भांडायला धावतो, आणि तुम्ही म्हणता काय मस्त पोज दिली. एकाच झाडाखाली दिवसातून पाच गट वाजवत बसलेले मी पाहिलेत.

लांबनळी
एकदा वाजवून काय बिघडतं? जंगलतोडीवर कोणी बोलणार नाही.

विश्रामबागकर
भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. कॅमेरा नाही. मोबाईल आहे आणि बाबांची जुनी दुर्बीण, तीही एका बाजूने धूसर. गणेशगुडी बरं वाटतंय. फक्त तिथे रेंज असते का? बाबांच्या कानाच्या मशीनचं ॲप मोबाईलवर आहे.

जुनी_दुर्बीण
थांबा. कानाचं मशीन? हे आत्ता सांगताय?

विश्रामबागकर
पक्षी बघायचेत, ऐकायचे नाहीत.

जुनी_दुर्बीण
इथेच गोची आहे. दाट झाडीत पक्षी आधी कानाने सापडतो, मग डोळ्याने. माझ्या सासऱ्यांना चांदोलीला नेलं होतं. आम्ही सगळे "तो बघा, तो बघा" म्हणून माना वर करून उभे, आणि ते बिचारे आमच्या तोंडांकडे बघत होते. ते गाडीत जाऊन बसले तेव्हा माझी ट्यूब पेटली. आवाजाची दिशा कळत नसेल तर जंगल म्हणजे नुसता पाला. पाण्यावरचे पक्षी उघड्यावर असतात, मोठे असतात, एका जागी बराच वेळ थांबतात. त्यांना पाणथळच दाखवा.

धनेशवेडा
गणेशगुडीला पक्षी समोर येतात हो, ऐकायची गरजच नाही. पण बाकीचा वेळ झाडीतच जातो, हे मान्य.

गोवा_एक्सप्रेस
मग राजस्थानातलं भरतपूर. आपली गोवा एक्सप्रेस सांगलीवरूनच जाते, आग्र्याला उतरायचं, पुढे पंचावन्नेक किलोमीटर. आत सायकलरिक्षा मिळते, चालणं शून्य. आमच्या रिक्षावाल्याने हँडलला दुर्बीण लटकवली होती, पेडल मारता मारता पिंगळ्याची ढोली दाखवायचा.

येरळाकाठ
जागा एक नंबर, पण एका बाजूचा प्रवासच एक दिवसाहून जास्त. चार दिवसांत बघणार काय? शिवाय डिसेंबरअखेर तिकडे धुकं. सकाळी दहापर्यंत रिक्षावाल्याची पाठ दिसली तरी पुष्कळ.

माझं ऐका. रंगनथिट्टू. श्रीरंगपट्टणजवळ, कावेरीतली बेटं, १९४० पासून अभयारण्य आहे. मिरजेहून म्हैसूरची गाडी पकडा. होडी बेटांच्या इतक्या जवळून जाते की धूसर दुर्बीणही चालेल. झोळीवाले, चित्रबलाक, दर्विमुख, मुग्धबलाक. खडकांवर मगरी पडलेल्या असतात.

भिलवडीचा
मगरी बघायला सांगली सोडायची काय गरज? 😂 आमच्याकडे कृष्णेत मोटर चालू करायला जाणारा माणूस आधी काठ बघतो.

उजनीचा_पाहुणा
रंगनथिट्टूला घरट्यांची खरी गंमत फेब्रुवारी-मार्चात. आता तुम्हीच वेळ बघा म्हणाला होता ना?

येरळाकाठ
बरोबर आहे. पण तिथे पक्षी वर्षभर असतात, हात हलवत परत येणार नाहीत. तरी रजा फेब्रुवारीत ढकलता आली तर सोनं. तोवर एखाद्या रविवारी विट्यावरून मायणी-येरळवाडी करून या. मायणीचं नाव मोठं, पण मी येरळवाडीचा तलाव आधी बघतो, मग सूर्याचीवाडी. २०२१ साली या तलावांना मिळून पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला. बाबा किती वेळ बसू शकतात, कंटाळतात का, तेही कळेल.

भडंगप्रेमी
जाताना भडंग घ्या, पण कांदा वेगळा. मऊ पडलेलं भडंग खाण्यापेक्षा उपाशी बरं.

विश्रामबागकर
रविवारी येरळवाडीला जाऊन आलो. रोहित एकही नाही. चक्रवाकांची जोडी होती, काठावर, अगदी उघड्यावर. बाबांना दुर्बिणीचं मधलं चाक सापडेना, मी फिरवून दिलं तर म्हणाले, सोड, मला माझं करू दे. मग पाऊण तास काही बोललेच नाहीत. मी दोनदा घड्याळ बघितलं. त्यांचं एकच, नर कुठला सांग. गळ्याभोवती काळं कडं दिसतंय का यावर आमचा वाद झाला. मशीन काढून खिशात ठेवलं होतं, ते घरी आल्यावर कळलं.

रजा फेब्रुवारीत ढकलली, साहेब कुरकुरले. म्हैसूरचं तिकीट काढलंय, वेटिंग ३८ आहे. कन्फर्म होईल का? लवकर सांगा.

येरळाकाठ
कुठली गाडी? कुठली तारीख? स्लीपर की एसी?