मुलींच्या प्रमाणासाठी जिल्ह्यांचा रंगीत नकाशा काढणं आता पुरे

रेघोटी:
० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे दाखवायचं म्हटलं की जो तो महाराष्ट्राचा नकाशा रंगवून मोकळा होतो. माझ्या मते या आकड्यांसाठी नकाशाची निवडच चुकते.

मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३ चौ. किमी, म्हणजे राज्याची ०.२ टक्के जमीन. २०११ च्या जनगणनेत तिथे राज्याचे ११ टक्के लोक होते. गडचिरोलीत पावणेपाच टक्के जमीन आणि जेमतेम एक टक्का लोक. मोबाईलच्या ३६० पिक्सेल रुंदीत मुंबई शहर साधारण ५ बाय ५ पिक्सेलचा ठिपका उरतं. गडचिरोलीचा आकडा ९६१, त्यामुळे पूर्वेला भला मोठा चांगला रंग पसरतो आणि राज्याची स्थिती आहे त्याहून बरी भासते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे बदल दिसत नाही. २००१ ते २०११ मध्ये बीड ८९४ वरून ८०७ वर कोसळलं. त्याच काळात कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर आणि सांगली ८५१ वरून ८६७ वर चढलं. २०११ च्या नकाशात हे तिन्ही जिल्हे ‘वाईट’ रंगातच जातात. पडणारा आणि सावरणारा एकाच रंगात!

त्यापेक्षा स्लोप चार्ट काढा. डावीकडे २००१ चा उभा अक्ष, उजवीकडे २०११ चा, मध्ये तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांच्या रेघा. सगळ्या फिकट राखाडी, फक्त हे तीन जिल्हे ठळक आणि राज्याची (९१३ ते ८९४) तुटक काळी. नावं सहा-सातच लिहा, नाहीतर एकमेकांवर चढतात. अक्ष ८०० ते १००० ठेवा. शून्यापासून सुरुवात खांबांच्या आलेखाला लागते, कारण तिथे लांबी वाचायची असते. इथे उतार वाचायचा आहे.

मुलुखनामा:
साफ असहमत. जळगाव ८४२, बुलढाणा ८५५, औरंगाबाद ८५८, अहमदनगर ८५२, बीड ८०७. हे जिल्हे एकमेकांना लागून आहेत. खानदेशापासून मराठवाड्यापर्यंतचा हा सलग पट्टा तुमच्या स्लोप चार्टमध्ये पाच सुट्या रेघा होऊन हरवतो. गर्भलिंगनिदान करून घेणारा जिल्ह्याच्या हद्दीशी थांबत नाही, म्हणून शेजार दिसणं इथे कळीचं आहे.

नकाशे फसतात ते वर्ग पाडताना, म्हणजे कुठून कुठपर्यंतच्या आकड्यांना एक रंग द्यायचा हे ठरवताना. समान संख्येचे पाच वर्ग केले की ३५ जिल्ह्यांचे सात-सातचे गट पडतात. मग एका अंकाच्या फरकाने दोन जिल्हे वेगळ्या रंगात जातात आणि बीड मात्र पन्नास अंकांनी वर असलेल्यांच्या रंगात बसतं. वर्गसीमा हाताने ठरवा: ८२५, ८५०, ८७५, ९००, ९२५, ९५०. दुरंगी पट्टी (मध्यापासून दोन बाजूंना दोन वेगळे रंग गडद होत जाणारी) वापरत असाल तर मधला रंग १००० वर ठेवू नका. जन्मताना निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे असतात, म्हणजे हजारी ९५२ मुली. मध्य १००० वर ठेवलात तर ९६१ सुद्धा लाल दिसेल. आणि लाल-हिरवा नको, निळा-नारिंगी घ्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे वाचक असतात.

बदल हवा असेल तर फरकाचा दुसरा नकाशा शेजारी ठेवा: बीड उणे ८७, कोल्हापूर अधिक २४.

रेघोटी:
पट्ट्याचा मुद्दा मान्य. पण फरकाच्या नकाशात पातळी जाते. अधिक २४ वाचून कोल्हापूर सुधारलं इतकंच कळतं. ते अजून राज्याच्या ३१ अंक खाली आहे, हे त्यात कुठे आहे? वाचकाला दोन नकाशे डोक्यात जुळवायला लावणं हे आलेख काढणाऱ्याने आपलं काम त्याच्यावर ढकलणं आहे.

दशांश:
तुम्ही दोघंही जिल्ह्यावर थांबलात म्हणून बरं. खरा गोंधळ तालुक्याच्या नकाशात होतो, तोही एका वर्षाच्या जन्मनोंदणीवर. तालुक्यात वर्षाला २,००० जन्म असतील, तर काहीही गैर नसतानाही निव्वळ योगायोगाने हजारी प्रमाण ८७० ते १०४० मध्ये कुठेही पडू शकतं. २०,००० जन्मांना हीच हालचाल ९५२ च्या वर-खाली सुमारे २६ अंकांची. म्हणजे नकाशावर सर्वांत गडद आणि सर्वांत फिके तालुके बहुधा लहानच निघणार. यंदाचा ‘सुधारलेला तालुका’ पुढच्या वर्षी ‘चिंताजनक’ ठरतो तो यामुळेही.

उपाय फनेल प्लॉट, म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचा आलेख: आडव्या अक्षावर जन्मसंख्या, उभ्यावर प्रमाण, ९५२ ची रेघ आणि दोन्ही बाजूंना योगायोगाच्या हालचालीच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या मर्यादा. नरसाळ्याबाहेर खाली पडलेल्या तालुक्यांची आधी चौकशी करा. तेही नको असेल तर निदान पाच वर्षांचे जन्म एकत्र करा. आणि जन्मावेळचं प्रमाण व ०–६ चं प्रमाण एकाच पट्टीवर ठेवू नका.

जोडकाम:
कुठलाही आलेख काढा, आधी आकडे तपासा. मार्च २०११ च्या तात्पुरत्या आकड्यांत राज्य ८८३ आणि बीड ८०१ आहे, अंतिम आकड्यांत ८९४ आणि ८०७. एक स्तंभ तात्पुरता, दुसरा अंतिम असे तक्ते सर्रास फिरतात.

नकाशाची फाईल ३६ जिल्ह्यांची असेल तर पालघर कोरं राहतं, कारण ते १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळं झालं. तिथे ठाण्याचा जुना आकडा चिकटवू नका. ३५ जिल्ह्यांची जुनी हद्द घ्या. तक्ता नकाशाच्या फाईलला जोडताना जोडणी नावावर नको. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं जुन्या तक्त्यात सापडत नाहीत. देवनागरीत तर सारखी दिसणारी दोन नावंही लपलेल्या जोडचिन्हामुळे जुळत नाहीत. २०११ चे जिल्हा-संकेतांक वापरा, महाराष्ट्राचे ४९७ ते ५३१.

मुलुखनामा:
क्षेत्रफळाच्या आक्षेपावर तोड आहे. जिल्ह्याच्या जागी वर्तुळ ठेवा: आकार मुलांच्या संख्येचा, रंग प्रमाणाचा. त्रिज्या संख्येच्या वर्गमुळाने वाढवा, नाहीतर दुप्पट मुलांचं वर्तुळ चौपट दिसतं.

रेघोटी:
मग मुंबई, उपनगर आणि ठाणे एकमेकांवर चढतात. त्यांना बाजूला सरकवलंत की तुमचा शेजार तिथेच तुटला. बीडच्या पट्ट्यासाठी नकाशा ठेवा, पण स्लोप चार्टच्या खाली आणि आकाराने लहान.