तळघरातील देशी भांडे काढून कमोड बसवायचा आहे, पण उतार पुरत नाही : जाणकारांचे मार्गदर्शन हवे

नमस्कार,

अमळनेरला बोरी नदीकडच्या उतारावर आमचे आजोबांच्या काळातले घर आहे. समोरच्या रस्त्यावरून ते एकमजली दिसते, मागच्या बाजूने मात्र खाली तळघर आहे आणि त्यातच जिन्यालगत शौचालय आहे. धाबे काढून पत्रे टाकल्यापासून वरच्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात. त्यामुळे ७८ वर्षांची माझी आई सकाळी अकराला तळघरात उतरते, ती दिवेलागणीलाच वर येते. गुडघ्यांमुळे तिला उकिडवे बसणे आता जमत नाही, म्हणून तिथे कमोड बसवायचे ठरवले. दोन दिवसांचे काम आहे, अशी माझी समजूत होती.

जुना ४ इंची बीडाचा पाइप फरशीखालून २४ फूट जाऊन परसातल्या सेप्टिक टाकीला मिळतो. मागचा बोळ काँक्रीट होऊन जवळजवळ फूटभर वर आला, तेव्हा टाकीतून गटारात जाणारा पाइप उचलावा लागला आणि त्यापाठोपाठ टाकीतल्या पाण्याची पातळीही चढली. गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून माझ्यासमोर लेव्हल घेतली, तर एवढ्या लांबीत उतार फक्त साडेचार इंच भरला. ४० फुटांना १ फूट हे प्रमाण धरले, तर सव्वासात इंच हवेत. आज आम्ही बादलीभर पाणी जोराने ओततो म्हणून निभावते. कमोडच्या टाकीतून ६ लिटर, आणि अर्धे बटण दाबले तर ३ लिटरच पाणी सुटणार. नळाला रोज पाणी येत नसल्याने दर वेळी दुप्पट पाणी सोडणे परवडणारे नाही.

गवंडी म्हणतो, शौचालयाची फरशीच ३ इंच उचलून एस-ट्रॅपचा, म्हणजे तोंड खाली फरशीत उतरणारा, कमोड बसवा. तिथली उंची मुळात सव्वासहा फूट आहे, त्यात दारात पायरी तयार होईल आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच ती अडेल. प्लंबरच्या मते पी-ट्रॅपचा कमोड घ्यावा. त्याचे तोंड मागच्या बाजूला, फरशीपासून सुमारे ७ इंचांवर असते. तेथून भिंतीतून ११० मि.मी.चा पीव्हीसी पाइप थेट परसात काढला, तर जुन्या पाइपला हात न लावता उतार मिळतो. हे मला पटते. पण भिंत सव्वादोन फूट जाडीची, दगडमातीची आहे. गवंड्याने छिन्नी न लावता हातोडीने नुसते ठोकून पाहिले, तर सांध्यातून मूठभर माती गळाली आणि त्याने हातोडी पिशवीत टाकली.

तेव्हा पहिला आणि मुख्य प्रश्न असा, की अशा भिंतीत पाच इंची आरपार छिद्र कोणी पाडून घेतले आहे का. कोअर कटिंगच्या यंत्राने दगड हलत नाहीत असे ऐकले, पण त्याला सतत पाणी लागते, आणि मातीच्या सांध्यात पाणी मुरले तर भिंत बसणार नाही ना, ही धास्ती आहे. आधी आजूबाजूचे सांधे चुन्याने भरून घ्यावेत का?

दुसरे म्हणजे, मोठ्या पावसात गटार तुंबले की पाणी टाकीतून उलटे येते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) कमोडच्या पाइपवर बसवला तर त्याच्या झडपेत मैला अडकेल असे मला वाटते. तो टाकीच्या गटाराकडील तोंडावर बसवणे योग्य ठरेल का? अर्थात झडप मिटलेली असताना वरच्या न्हाणीघराचे पाणीही त्याच टाकीत साठत जाईल, त्याचे काय करावे?

मैला बारीक करून वर ढकलणाऱ्या विजेच्या पंपाचा पर्याय कृपया सुचवू नये. वादळात आमच्याकडे वीज हमखास जाते, आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच पडेल.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतील, त्याआधी काम उरकायचे आहे. कमोड अजून घेतलेला नाही. एस की पी, हे ठरल्याशिवाय घेणारही नाही.