अनुभव धागा : कुंडीतल्या सक्युलंटला (जाड पानाखोडात पाणी साठवणाऱ्या झाडांना) तुम्ही ऊन किती दाखवता?

गेल्या मे महिन्यात माझ्या तीन एचेवेरिया (गुलाबासारख्या दिसणाऱ्या सक्युलंट) दोन दिवसांत भाजल्या. आधी पानांवर पांढुरके डाग, मग तपकिरी चट्टे. व्हिडिओत ऐकलं होतं, रोज सहा तास थेट ऊन. सांगणारी बाई अंगात स्वेटर घालून बोलत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. लातूरच्या गच्चीवर मेचं सहा तास ऊन म्हणजे पापड-कुरडया वाळवायचं ऊन! त्याआधीची एक बैठकीत टीव्हीशेजारी ठेवली होती. ती आणली तेव्हा गुलाबासारखी बसकी होती. दोन महिन्यांत दांडा उंच झाला, पानं लांब लांब फाकली आणि सगळं खिडकीकडं कललं. तिला ऊन कमी पडलं.

आता मार्च उजाडलाय. मराठवाड्यातल्यांनी लिहा : कोणतं झाड, कुठल्या बाजूला, कोणत्या महिन्यात आणि काय झालं. मेलेल्या झाडांचं आधी सांगा.

नांदेडहून

मेलेलंच सांगतो. नर्सरीवाल्यानं जेड (जाड गोलसर पानांचं सक्युलंट) देताना सांगितलं, 'याला भरपूर ऊन लागतं.' त्याचं खोटं नव्हतं, पण त्याच्याकडं ते झाड ऊन अडवणाऱ्या हिरव्या नेटखाली वाढलेलं. मी त्याच दुपारी थेट पत्र्यावर नेऊन ठेवलं. चार दिवसांत वरची पानं सुरकुतली, भाजली, गळाली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून रोज तांब्याभर ओतत गेलो. मग बुडखाच मऊ पडला.

दुसरं जेड आणलं ते सावरूनच. पहिले चार दिवस सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास वाढवत नेलं. तीन आठवडे लागले. आता सकाळी अकरापर्यंतचं ऊन निवांत खातं.

आणखी एक. नर्सरीची काळी प्लास्टिक कुंडी उन्हात हात लावू देत नाही इतकी तापते. आत मुळं शिजतात आणि आपण पानांकडं बघत बसतो. मी ती कुंडी तशीच मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवली आणि मधल्या फटीत वाळू भरली.

छत्रपती संभाजीनगरहून

आमची गॅलरी उत्तरेची. सासूबाई म्हणायच्या, 'इथं काय ऊन येतंय?' म्हणून निर्धास्तपणे हॉवर्थिया (छोटं, टोकदार पानांचं सक्युलंट) ठेवला. जूनमध्ये तो विटकरी लाल झाला. कारण नंतर कळलं. आपल्याकडं साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो (तो शून्य सावलीचा दिवस), आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारीसुद्धा किंचित उत्तरेलाच असतो. उगवतो-मावळतोही उत्तरेकडं सरकून. म्हणजे संध्याकाळी चार-पाचचं तिरपं ऊन थेट माझ्या गॅलरीत! डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला पार अर्ध्यावर उतरलेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत येतं.

तेव्हापासून माझ्या कुंड्या वर्षातून दोनदा घर बदलतात. दिवाळीनंतर दक्षिणेच्या खिडकीत, होळी झाली की तिथून उठवायच्या. हॉवर्थिया महिनाभरात परत हिरवा झाला.

परभणीहून

आमच्या आजीची कोरफड नळाजवळ लिंबाच्या सावलीत होती, गुबगुबीत. पाहुण्यांना दिसावी म्हणून भावानं दारात भर उन्हात आणली. तांबूस पडली, पानं बारीक झाली. आजी म्हणाली, 'लेकरा, तिला परत नेऊन ठीव.' नेऊन ठेवली, झालं.

बीडहून

परभणीच्या ताई, तांबूस दिसलं की लगेच सावलीत पळवू नका. एचेवेरियाच्या, जेडच्या नुसत्या कडा लाल झाल्या आणि पान टणक असेल तर ते उन्हाचं रंगणं आहे, बरेच जण त्यासाठीच ठेवतात. कोरडा, खोलगट, तपकिरी डाग पडला तर ते भाजणं. तो डाग त्या पानावरून जात नाही. आणि एचेवेरियावरची पांढरी पावडर धूळ समजून पुसू नका. ती तिची छत्री आहे. मी ओल्या फडक्यानं चकाचक पुसली होती, पुढच्याच आठवड्यात जिथं बोटं फिरली तिथंच भाजलं.

धागाकर्त्या ताईंना : उंच झालेला दांडा उन्हात ठेवून परत बसका होत नाही. शेंडा कापा, तीन-चार दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग कोरड्या भुसभुशीत मातीवर ठेवा. खालचं खोडही फेकू नका, त्याला बाजूनं पिल्लं फुटतात.

लातूरहून, दुसरं घर

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझे गुलाब गेले आणि मी या झाडांकडं वळले. ही रात्री पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, दिवसा मिटून बसतात, म्हणून पाणी टिकतं. पण मार्च ते जून पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी नेट लागतेच. पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून सांगते. आठ दिवस ढग असले की झाड नाजूक होतं, आणि नवव्या दिवशी लख्ख उघडलं की त्याच उन्हानं भाजतं जे त्यानं मेमध्ये सोसलेलं असतं. उघडीप दिसली की मी जुनी ओढणी टाकते.

धाराशिवहून

माळावर माकडशिंग (आपल्याकडचं रानटी सक्युलंट) शोधायला गेलात तर उघड्यावर कमी दिसेल, काटेरी झुडपाच्या बुडाशी सापडेल. हॉवर्थियाही आफ्रिकेत असाच झुडपांच्या आडोशानं राहतो. अडेनियमचं (फुगीर बुंध्याचं फुलझाड) मात्र उलटं. त्याला सावलीत लाडानं ठेवाल तर नुसती पानं येतील. माझं मेच्या भर उन्हात गच्चीवर फुललेलं असतं.

धागा काढणारी

कालपासून खडू घेऊन गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला अगदी खेटून कुंड्या मांडल्या, तर सकाळचं सगळं ऊन मिळतं आणि एकच्या सुमारास टाकीची सावली कुंड्यांवर येते. अकरा ते एकच्या मधल्या वेळेसाठी नेट बांधतेय. उंच झालेलीचा शेंडा कापून वर्तमानपत्रावर ठेवलाय. बीडच्या दादा, आज दुसरा दिवस आहे, जखम अजून ओलसर दिसतेय. आणखी थांबू ना?