मे महिन्याचं ऊन, पाण्याची गोळी आणि घरची केळी

प्रश्न : आरोग्य उपकेंद्र, रावेर तालुका
पारा 45 कडे सरकला की हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या पेशंटांना उठताना अंधारी येते, लघवी कमी होते. बहुतेकांना टॉरसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारी, म्हणजे पाण्याची गोळी), स्पायरोनोलॅक्टोन 25 (हीही लघवी वाढवणारी), रामिप्रिल (बीपी उतरवून हृदयावरचा ताण कमी करणारी) आणि मेटोप्रोलॉल (ठोके मंद करणारी) चालू आहे. दिवसाला दीड लिटर पाणी ही हिवाळ्यात सांगितलेली मर्यादा आताही पाळायची का? ओआरएस चालेल का? केळी तर घरचीच, रोज चार-पाच होतात.

उत्तर : हृदयरोग विभाग, जळगाव
ताई, आधी वजन बघा. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. मग पेशंटला 5 मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा 20 ने उतरला, वजन नेहमीपेक्षा दीड-दोन किलो कमी, पायावर सूज नाही, सपाट झोपता येतं, म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. त्याच दिवशी हे आकडे डॉक्टरांना फोनवर सांगा. अशा वेळी बहुधा टॉरसेमाइड निम्मी होते किंवा एक-दोन दिवस थांबते आणि पाणी अर्धा लिटर वाढतं.

पण 3 दिवसांत वजन 2 किलो वाढलं, धाप लागते आणि तरी अंधारी येते, तर पाणी वाढवू नका. तिथे हृदयच कमी पडतंय, लगेच पाठवा. हा फरक न बघता उन्हाळा आहे म्हणून सगळ्यांना पाणी वाढवायला सांगणं धोक्याचं.

मेटोप्रोलॉल एकदम बंद करू नका. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असेल तर अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी टाळणाऱ्या गोळ्या मनानं बंद नकोच.

ओआरएसच्या 1 लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय सोडियम सायट्रेट. जुलाब-उलट्यांत ते लागतंच, नुसत्या उन्हासाठी नको. सध्या घरोघरी पापड चाललेत, म्हणून लाट्यांचंही विचारा. मीठ आणि पापडखार दोन्ही पोटात जातं.

उत्तर : औषध दुकान, धुळे
100 ग्रॅम केळ्यात साधारण 350 मिलिग्रॅम पोटॅशियम, हा क्षार रक्तात फार वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात. स्पायरोनोलॅक्टोन आणि रामिप्रिल दोन्ही ते अंगात अडवतात, त्यात पाणी आटलं की किडनीही बाहेर टाकत नाही. लो सोडियम मीठ तर या पेशंटांना देऊच नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेतात का, तेही विचारा. या गोळ्यांसोबत ती किडनी बिघडवू शकते.

प्रश्नकर्ती
एकाचं रक्तातलं पोटॅशियम 5.7 आलंय. केळी पूर्ण बंद?

उत्तर : हृदयरोग विभाग, जळगाव
तूर्त बंद, नारळपाणीही. 5.5 च्या वर स्पायरोनोलॅक्टोन साधारण निम्मी करतात, 6 च्या वर थांबवतात. ईसीजी (हृदयाचा आलेख) आजच काढा, त्यातली टी नावाची लाट उंच आणि टोकदार दिसली तर थेट दवाखान्यात पाठवा. रक्त घेताना मूठ आवळायला लावली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तरी आकडा खोटा चढतो, म्हणून क्रिएटिनिनसोबत (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पोटॅशियमची तपासणी परत करा. तीही आजच.